सासूबाईंची झोपेची गोळी कशी सोडवायची?

पत्राचा सारांश: इंदूरच्या एका शिक्षिकेनं लिहिलंय. वय ४१; घरात नवरा, दोन मुलं आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सासरे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यानंतर सासूबाईंना झोप लागेना, म्हणून तेव्हाच्या फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलामची पॉइंट टू फाइव्हची एक गोळी रात्री घ्यायला दिली. पुढे ती पॉइंट फाइव्ह झाली, आणि आता पॉइंट फाइव्हच्या दोन, म्हणजे रोज एक मिलिग्रॅम. त्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, चिठ्ठी मात्र तीच चालू आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकलला फोन केला की पोरगा पाकीट घरी आणून देतो. हल्ली संध्याकाळी सातपासूनच त्या 'गोळी आहे ना गं?' म्हणून विचारतात. श्रावणात रात्री बाथरूमला जाताना त्या पडल्या, मनगट मोडलं. ताईंनी नेटवर वाचलं, धसका घेतला आणि देवघराच्या खणातली स्ट्रिप उचलून लपवली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे हात थरथरायला लागले, घाम फुटला. तिसऱ्या रात्री झोपाळ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हे कधी आले?" घाबरून गोळी दिली, तर तासाभरात सगळं शांत. नवरा म्हणतो, "आईला या वयात छळू नकोस, घेऊ दे." पुण्याच्या नणंदबाईंचा समज असा की वहिनी आईला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेणार. ताईंचा बेत: तशाच दिसणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या एकेक करून त्या जागी ठेवायच्या, कुणाला न सांगता. त्यांचे प्रश्न दोन. हे व्यसन आहे का? आणि हा बेत करू का? पत्राच्या तळाशी, जाता जाता, आणखी दोन ओळी आहेत: नवरा रोज रात्री दोन पेग घेतो, 'फक्त मोकळं व्हायला', आणि पेपर तपासायच्या दिवसांत ताईंनी स्वतःही सासूबाईंच्या स्ट्रिपमधली अर्धी गोळी काही वेळा घेतली, 'छान झोप लागली'.

उत्तर:

ताई, आधी आज रात्रीचं बोलू. सासूबाईंची गोळी जेवढी चालू आहे तेवढी, नेहमीच्या वेळी द्या. मी समुपदेशक आहे, औषध लिहून द्यायचा अधिकार मला नाही. पण चार वर्षं रोज घेतलेली ही गोळी एका रात्रीत बंद करू नये, एवढं सांगायला तो अधिकार लागत नाही. पाकिटात किती उरल्यात ते मोजा आणि त्या संपायच्या आत डॉक्टरांची वेळ घ्या. पुन्हा कधी ती थरथर, तो घाम, नसलेलं माणूस दिसणं सुरू झालं, किंवा फिट आली, तर सकाळची वाट बघू नका. एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या, नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत, आणि पहिल्याच वाक्यात सांगा की अल्प्राझोलाम बंद झाली होती. हे एक वाक्य राहून गेलं की तपासण्या भलतीकडे जातात. कुणी ताप शोधतो, कुणी विसरभोळेपणाचा आजार शोधतो.

त्या रात्री तुम्ही गोळी दिलीत ते बरोबर केलंत. 'मीच हार मानली' असं तुम्ही लिहिलंय, ते मला पटत नाही. जोडीदार गेल्यावर तो दिसल्यासारखा वाटणं, हाक ऐकू येणं हे चांगल्या खणखणीत माणसांनाही होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण हात थरथरताहेत, अंग घामानं भिजलंय, गोळी बंद होऊन तिसरी रात्र आहे आणि समोर माणूस दिसतंय, हे सगळं एकत्र आलं की ते औषध अचानक काढल्याचं लक्षण धरायचं. याच्या पुढची पायरी फिट असू शकते. वयस्कर माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

असं का होतं, ते थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या बेताचं उत्तर त्यातच आहे. आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. पेशींची धावपळ शांत करणं हे त्याचं काम. त्याच्या उलट काम ग्लुटामेटचं, पेशींना जागं ठेवण्याचं. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ही सगळी एकाच कुळातली औषधं, बेन्झोडायझेपिन. ती मेंदूत नवं गाबा तयार करत नाहीत. जे आहे त्याचाच परिणाम वाढवतात. म्हणून सुरुवातीला जादू वाटते: छातीतली धडधड कमी, डोकं शांत, डोळे मिटले. पण मेंदू गप्प बसत नाही. रोज रात्री कुणीतरी शांततेच्या बाजूला ओढतंय म्हटल्यावर काही आठवड्यांत तो स्वतःचा जोर दुसऱ्या बाजूला लावतो. गाबाला कमी दाद देतो, जागं ठेवणारी यंत्रणा वाढवतो. रस्सीखेचीत दोन्हीकडून सारखी ओढ असली की दोर जागच्या जागी राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही. अशा वेळी एका बाजूनं दोर एकदम सोडून दिला, तर दुसरी बाजू कशी कोसळते ते आठवा. तुमच्या घरात त्या तीन दिवसांत तेच झालं.

यातूनच बाकीचा उलगडा होतो. पॉइंट टू फाइव्हचं एक मिलिग्रॅम का झालं? कारण मेंदूनं आपली ओढ वाढवली आणि जुना डोस पुरेना. संध्याकाळी सातपासून चौकशी का? अल्प्राझोलाम ही लवकर उतरणारी गोळी आहे. साधारण अकरा तासांत शरीरातलं तिचं प्रमाण निम्म्यावर येतं, म्हातारपणी जरा जास्त वेळ लागतो. आदल्या रात्री घेतलेली गोळी दुसऱ्या संध्याकाळपर्यंत बरीच ओसरलेली असते आणि मेंदूची उलटी ओढ जाणवायला लागते. त्यांना ती बेचैनी म्हणून कळते. तुम्हाला ती हाव वाटते. खरं तर अशा गोळीचा झोप आणायचा गुण काही आठवड्यांतच ओसरू लागतो. चार वर्षांनी माणूस बऱ्याचदा ती घेतो ती न घेतल्यावर होणारा त्रास टाळायला.

मग हे व्यसन आहे का? तुमच्याच पत्रात शोधू. सासूबाई सांगितल्यापेक्षा जास्त गोळ्या चोरून घेतात का? दोन-तीन मेडिकलमधून वेगवेगळ्या आणवतात का? दिवसाउजेडी, नुसतं बरं वाटावं म्हणून घेतात का? गोळीपायी घरदार, खाणंपिणं, नाती सोडलीत का? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते असं, की डॉक्टरांनी दिलेली गोळी त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, देवासमोर ठेवलेल्या खणातून काढून घेतात. त्यांच्या शरीराला औषधाची सवय झाली आहे. तशी ती तुम्हाला झाली असती, मला झाली असती, कारण हा औषधाचा गुणधर्म आहे. 'आई व्यसनी झाल्या' हे वाक्य घरात एकदा उच्चारलंत की पुढचं सगळं बोलणं लाज आणि रागाच्या वाटेनं जाईल. ते उच्चारू नका. नवऱ्यापाशीसुद्धा.

फॅमिली डॉक्टरांवर तुमचा राग आहे, तोही थोडा आवरा. २०२१ च्या त्या महिन्यांत, माणूस ॲम्ब्युलन्समधून गेलं आणि परत चेहरा बघायला मिळाला नाही, अशा बाईला काही दिवस झोप मिळावी म्हणून छोटी गोळी देणं यात गैर काही नव्हतं. चूक पुढे झाली: ती कधी थांबवायची हे कुणी ठरवलंच नाही. आणि ही चूक फार जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बिट्युरेट आली, तेव्हा झोपेवरचं उत्तम औषध म्हणून त्यांचं कौतुक झालं. पुढे कळलं की डोस थोडा चुकला तरी श्वास थांबतो. मग १९६० मध्ये बेन्झोडायझेपिन कुळातलं क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम बाजारात आलं. ही आधीच्यांपेक्षा खरोखरच सुरक्षित होती, म्हणून डॉक्टर निर्धास्तपणे लिहीत गेले. सवयीचा प्रश्न ठळकपणे पुढे यायला पुढची वीसेक वर्षं गेली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या साऱ्या कुळाच्या माहितीपत्रकावर अवलंबित्वाचा ठळक इशारा छापायला लावला तो २०२० मध्ये. साठ वर्षं जगानं जे नीट मोजलं नाही, ते तुमच्या कॉलनीतल्या एका थकल्या डॉक्टरनं मोजायला हवं होतं असं म्हणणं जरा जड जातं.

मेडिकलवाल्याचं मात्र वेगळं. अल्प्राझोलाम आपल्याकडे शेड्यूल एच-वन मध्ये येते. स्ट्रिपवर लाल चौकटीतली सूचना बघा. हा नियम २०१४ पासून लागू आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही, आणि विकली तर वेगळ्या वहीत डॉक्टर, रुग्ण, औषध, संख्या लिहून ती नोंद तीन वर्षं ठेवायची. कोपऱ्यावरचा भैया वर्षानुवर्षं ओळखीचा, 'माताजींना हेलपाटा नको' म्हणून देतो. भावना चांगली आहे, पण त्यामुळे चार वर्षांत एकदाही कुणी डॉक्टरांनी त्यांची नाडी बघून 'ही अजून लागते का?' असं विचारलेलं नाही. त्याच्याशी भांडू नका. पुढचे काही महिने तुम्हाला त्याचीच गरज आहे. ती कशी, ते पुढे येतंच.

आता कॅल्शियमच्या गोळ्यांकडे वळते. हा बेत सोडून द्या. तुम्ही त्याला 'हळूहळू' म्हणता, पण एक पॉइंट फाइव्ह काढून तिथे कॅल्शियम ठेवलं की डोस एका रात्रीत निम्मा झाला. दुसरी बदलली की शून्य. म्हणजे श्रावणातलं तेच नाटक दोन अंकांत. दुसरं असं, की त्रास सुरू झाल्यावर त्या बिचाऱ्या म्हणतील, 'गोळी घेतली तरी असं का होतंय?' आणि घरात खरं उत्तर माहीत असलेली एकच व्यक्ती गप्प बसलेली असेल. त्यांना वाटेल आपलं डोकंच गेलं. तुम्ही त्यांचं भलं करायला निघालात, पण त्या रात्री त्यांच्यासाठी याहून एकटं काही नसेल. तिसरं, हे उघडकीला येणार. चवीवरून, आकारावरून, नाहीतर तुमच्या धाकट्यानं बोलून टाकल्यामुळे. मग 'सुनेनं गोळ्या बदलल्या' हे वाक्य पुण्यापर्यंत पोचायला किती वेळ लागेल ते तुम्हीच सांगा. त्यानंतर त्या तुमच्या हातचं दूधही विचार करून घेतील. ७१ वर्षांच्या, शुद्धीत असलेल्या बाईला आपण काय गिळतोय हे माहीत असण्याचा हक्क आहे. चौथं कारण म्हणून नाही सांगत, खरं तर हेच पहिलं आहे.

तुमचे मिस्टर म्हणतात, 'घेऊ दे.' हे अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. काही वृद्ध रुग्णांत, सगळा विचार करून, डॉक्टर छोटा डोस चालू ठेवतातही. पण तो विचार डॉक्टरांनी केलेला हवा, कंटाळ्यानं नको. तुमच्या घरात घेऊ देण्याविरुद्ध दोन ठोस गोष्टी आहेत. एक म्हणजे पडणं. वयाबरोबर यकृत औषध सावकाश निकालात काढतं, त्यामुळे रात्री दोनला उठताना पाय लटपटतात आणि सकाळीही डोक्यात धुकं राहतं. या वेळी मनगट गेलं. खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं आयुष्य बदलतं. ज्येष्ठांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांच्या याद्या डॉक्टर वापरतात, त्यात हे कुळ येतं ते पडण्यामुळे, हाडं मोडण्यामुळे आणि स्मरणावरच्या परिणामामुळे. हल्ली सासूबाई नावं विसरतात, गॅसवरचं दूध विसरतात असं तुम्ही लिहिलंय. ते सगळं वयाचंच आहे असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रात एका ओळीत आली आणि मी तिथेच थबकले. मनगटाच्या प्लास्टरनंतर हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्यावर जी गोळी दिली, तिच्यात ट्रामाडॉल आहे. ट्रामाडॉल हे अफूच्या नात्यातलं औषध. मंदसौर-नीमचकडची परवान्याची शेतं आपण माळव्यातली माणसं जाता-येता बघतो, तेच ते पीक. ट्रामाडॉल कारखान्यात बनतं, पण काम त्याच धर्तीचं करतं. अल्प्राझोलामही मेंदूला संथ करते, ट्रामाडॉलही. दोन्ही एकत्र आली की श्वासोच्छ्वास मंदावण्याचा धोका असतो. या जोडीबद्दलचा कडक इशारा अमेरिकेत २०१६ मध्येच आला. हाडांच्या डॉक्टरांना अल्प्राझोलामचं कुणी सांगितलं होतं का? बहुधा नाही, कारण घरात ती 'झोपेची छोटी गोळी' आहे, औषधांच्या यादीत तिचं नावच नसतं. उद्या सकाळीच त्यांना फोन करा. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते त्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही याच हिशेबात धरा.

म्हणजे बंद करायची नाही, चालू ठेवायची नाही, मग करायचं काय? उतरायची, पण इतकी सावकाश की मेंदूला आपली उलटी ओढ सैल करायला वेळ मिळेल. इंग्लंडात न्यूकासलला हेदर ॲश्टन नावाच्या डॉक्टर १९८२ ते १९९४ हेच काम करणारा दवाखाना चालवत होत्या. गती रुग्णानं ठरवायची, हे त्यांचं मुख्य सूत्र. आजही सल्ला साधारण असाच मिळतो: दर दोन ते चार आठवड्यांनी चालू डोसच्या पाच ते दहा टक्के कमी, मग थांबून बघायचं, त्रास झाला तर तिथेच राहायचं. एक मिलिग्रॅमवरून उतरायला कित्येक महिने लागतील, वर्षही लागेल. शेवटचा तुकडा सोडणं सगळ्यात अवघड जातं, तेव्हा तिथे आणखी हळू. काही डॉक्टर आधी डायझेपामसारख्या सावकाश उतरणाऱ्या औषधावर नेतात. पण वयस्कर शरीरात ते साचतं, म्हणून सासूबाईंसाठी काय बरं हे त्यांना तपासणारेच ठरवतील. हा हिशेब तुम्ही स्वयंपाकघरात सुरी घेऊन करायचा नाही. शिवाय स्ट्रिपवर नावापुढे एसआर लिहिलं असेल तर ती गोळी तोडायचीच नसते. औषध हळूहळू सुटावं अशी तिची रचना असते, तुकडा केला की ते एकदम सुटतं.

आणि म्हणूनच मेडिकलवाला हवा. उतरण्याच्या काळात लहान डोसच्या गोळ्या अखंड मिळत राहायला हव्यात. उज्जैनला लग्नाला गेलो आणि पाकीट घरी राहिलं, असं एकदा झालं तरी दोन महिन्यांची मेहनत वाया. नव्या डॉक्टरांची नवी चिठ्ठी त्याच्याकडे द्या, बिल घ्या, आणि आता फोनवर कुणीही मागितली तरी जास्तीची देऊ नको असं सांगा. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत रोजचा डोस लिहा. सासूबाईंनी लिहिला तर उत्तम.

डॉक्टर म्हणजे कुठले? मानसोपचारतज्ज्ञ. इथे नणंदबाई येतात. आपल्या इंदुरात काही घरांत अजून 'बाणगंगा' म्हटलं की लोक खुसखुसतात, कारण सरकारी मानसिक रुग्णालय तिथे आहे. तो पत्ता थट्टेचा झालाय खरा, पण मेंदूवर काम करणारी गोळी उतरवण्याचं शिक्षण ज्यांनी घेतलंय ते हेच डॉक्टर. खासगी तज्ज्ञांकडे जा, एमवायच्या मानसोपचार विभागात जा. आईंना नको वाटलं तर आधी चांगल्या फिजिशियनकडून सुरुवात करा आणि त्यांच्याच तोंडून पुढची चिठ्ठी येऊ दे. नणंदबाईंना आत्ताच फोन लावा, सगळं ठरल्यावर नव्हे. त्यांना मनगटाचा एक्स-रे पाठवा. पुण्यात बसून आईची काळजी करणाऱ्या मुलीला बातमी शेवटी कळते आणि मग ती संशय घेते. तुम्ही तिच्या जागी असतात तर तेच केलं असतं. जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस आहे, १४४१६, केंद्र सरकारची चोवीस तासांची मोफत सेवा. मराठीतही बोलता येतं.

सासूबाईंशी पहिलं बोलणं तुमच्या मिस्टरांनी करावं, तुम्ही शेजारी बसा. संध्याकाळी सातनंतर नको, तेव्हा त्या आधीच बेचैन असतात. सकाळी पोहे-चहा झाल्यावर. काहीसं असं: "आई, बाबा गेले तेव्हा ही गोळी लागत होती, डॉक्टरांनी बरोबरच दिली. आता तू पडलीस, आम्हाला भीती वाटते. गोळी काढून घेणार नाही. डॉक्टरांना दाखवू, ते सांगतील तसं अगदी थोडं थोडं कमी करू, आणि तुला नको वाटलं की थांबू." 'काढून घेणार नाही' हे दोनदा म्हणायला सांगा. श्रावणात तुम्ही ती काढून घेतली होती, आणि स्ट्रिप कुठे गेली याचा अंदाज त्यांना आला नसेल असं मला वाटत नाही. तुम्हीही एका वाक्यात कबूल करून टाका: "आई, तेव्हा मी लपवली होती, मला माहीत नव्हतं असं होतं ते." त्या चिडतील. चिडू द्या.

आता झोपेचं. तुम्ही लिहिता, साडेआठला मालिका संपली की त्या अंथरुणावर आणि तीनला टक्क जाग. साडेआठ ते तीन म्हणजे साडेसहा तास झाले की हो! सत्तरीत झोप हलकी होते, तुटक होते. त्यात दुपारचा तास-दीड तास धरला तर त्यांची झोप पुरेशी आहे. पहाटे जाग येणं हा आजार नसेलही, रात्र लांबलचक वाटणं हा असेल. निद्रानाशावर आज पहिला उपाय म्हणून सांगतात तो गोळीचा नाहीच, सवयी बदलण्याचा: रोज उठायची वेळ एकच, अंथरुणात जायची वेळ पुढे ढकलायची, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणायची, चारनंतर चहा नाही, आणि जाग आली तर कूस बदलत पडून न राहता उठून बसायचं. जप करा, वाती वळा. हे शिकवणारे समुपदेशक असतात. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ती सकाळी घेता येईल का तेही डॉक्टरांना विचारा; रात्री बाथरूमला उठावंच कमी लागेल. पॅसेजमध्ये छोटा दिवा आणि बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडा आजच्या आज बसवा. डोस उतरायला वर्ष लागेल, दांडा एका दुपारीत लागतो.

पण झोप मुळात उडाली ती का, हे घरात कुणी विचारलंय का? सासरे गेले तेव्हा दहावं-तेरावंसुद्धा माणसांत झालं नाही. त्याआधी त्या अन्नपूर्णेच्या बाजूच्या भजनी मंडळात जायच्या, ते टाळेबंदीत सुटलं आणि नंतर परत सुरू झालं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. रात्री दहा ते पहाटे या वेळात त्यांच्याशी बोलणारं पूर्वी एक माणूस होतं. गोळी त्या वेळेवरचं झाकण होती. ते उचलताना खाली काय आहे ते बघावं लागेल, आणि ते दुःख आहे की औषधानं बरं होणारं नैराश्य आहे हेही डॉक्टरांना तपासू दे. नैराश्य असेल तर त्याची औषधं वेगळी असतात, तशी नशा किंवा ओढ त्यांना नसते. मंडळात परत नेऊन सोडायचं काम मोठ्या नातवाला द्या. स्कूटरवर जाताना त्या जरा बोलतीलही.

राहिल्या तळाच्या दोन ओळी. मला वाटतं, पत्र तुम्ही त्यांच्यासाठीच लिहिलंत, पण तसं म्हणायचा धीर झाला नाही. दारूसुद्धा गाबाच्याच वाटेनं काम करते. मेंदू तिच्याशीही तसाच जुळवून घेतो, आधी एक पेग पुरतो, मग दोन लागतात. मिस्टरांचे दोन पेग आणि आईंच्या दोन गोळ्या यांत मला तरी मोठा फरक दिसत नाही. एकाला आपण काळजी म्हणतो, दुसऱ्याला मोकळं होणं. २०१९ मध्ये आलेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत १० ते ७५ वयाच्या भारतीयांत दारू घेणारे १४.६ टक्के निघाले, आणि डॉक्टरांना न विचारता झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या घेणारे एक टक्क्याहून जरा जास्त, म्हणजे एक कोटी अठरा लाखांच्या आसपास. मिस्टरांना तुम्ही उपदेश करू नका. आईंच्या गोळीचं डॉक्टरांकडे समजून घेताना ते शेजारी बसलेले असू द्या. ऐकतील ते ऐकतील. दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगा. पेग घेतल्या रात्री आईच्या स्ट्रिपला हात लावायचा नाही, त्या जोडीनं झोपेत श्वास थांबून माणसं गेली आहेत. आणि कधी दारू सोडावीशी वाटलीच, तर रोज पिणाऱ्यानं तीही डॉक्टरांना विचारून सोडावी; एकदम सोडल्यावर थरथर आणि फिट तिथेही येऊ शकते. त्यासाठी सरकारची हेल्पलाइन १४४४६.

तुम्ही स्वतः अर्धी गोळी घेतलीत, ती काही वेळाच. एवढ्यानं शरीराला सवय लागत नाही. ती लागते आठवडेच्या आठवडे रोज घेतल्यावर. पण 'छान झोप लागली' हे वाक्य सासूबाईंनीही २०२१ च्या जूनमध्ये म्हटलं असेल. पेपरांचा गठ्ठा पुन्हा येईल, तेव्हा स्ट्रिप तुमच्या हाताशी नसेल असं काहीतरी करा. कुलूप लावा, किल्ली मिस्टरांकडे.

हे वाचणाऱ्या इतरांनाही सांगायला हवं. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम घरात आहे म्हणून हा मजकूर वाचून कुणी पाकीट कचऱ्यात टाकू नका. क्लोनाझेपाम काहींना फिटसाठी चालू असते, तिथे तर आपल्या मनानं एक गोळीही कमी करायची नाही. आणि ज्यांना आजच कुणी झोपेची गोळी लिहून दिली असेल, त्यांनी डॉक्टरांना तिथेच बसून विचारावं: किती दिवस, आणि थांबवायची कशी? चिठ्ठीवर तारीख लिहून घ्यावी.

ताई, एक गोष्ट पत्रात नाही आणि डॉक्टर ती नक्की विचारतील: सासूबाई घोरतात का? घोरता घोरता मध्येच आवाज बंद होऊन मग दचकून श्वास घेतात का? तसं असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो, आणि त्यावर ही गोळी आणखीच वाईट. रात्री त्यांच्या खोलीत मोबाइलवर थोडा वेळ आवाज टिपून ठेवा. पण त्यांना सांगून.